हजार पीपीएमवाला

खोलीत कार्बन डायऑक्साइड हजार पीपीएमच्या वर नको, हे आपण पाठ करतो. हा आकडा म्युनिकच्या मॅक्स फॉन पेटेनकोफरचा, १८५८ सालचा. जन्म १८१८. काका राजदरबारी औषधं बनवायचे, त्यांनी शिकवलं. मध्येच गडी नाटकात काम करायला पळाला होता!

तो म्हणे, हा वायू एवढा घातक नाही, पण माणसांच्या श्वासाने खोली किती कोंदली ते त्यावरून मोजता येतं. खोलीच्या फटी बुजवूनही हवा बदलते हे पाहून त्याने ठरवलं, की भिंती श्वास घेतात. विटेतून फुंकून मेणबत्तीही विझवली. इथे मात्र तो चुकला. प्लास्टरच्या भिंतीतून हवा जवळजवळ येतच नाही.

आमच्या देवगाव फाट्यावर धुराड्याची मातीची घरं जाऊन स्लॅब आले, डासांपायी खिडक्या बंद. एक्झॉस्ट फॅन लावतात, पण हवा आत यायला वाटच नाही. मग तो ओढणार काय?

कॉलरा नुसत्या जंतूंनी होत नाही, हे दाखवायला १८९२ मध्ये पेटेनकोफर चक्क जंतू प्यायला. जुलाबांवर निभावलं. बायको आणि तीन मुलं आधीच गेली होती. १९०१ साली त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.