बहिष्कृत तत्त्वचिंतक स्पिनोझा

थोर तत्त्वज्ञ बारुख स्पिनोझा यांचा जन्म २४ नोव्हेंबर १६३२ रोजी ॲमस्टरडॅम येथे पोर्तुगीज वंशाच्या ज्यू कुटुंबात झाला. बालपणी त्यांना धर्मग्रंथांचे पारंपरिक शिक्षण मिळाले. मात्र, पाखंडी मतांचा ठपका ठेवून समाजाच्या धुरिणांनी २७ जुलै १६५६ रोजी त्यांना बहिष्कृत केले. त्यांच्याशी बोलण्यास, एका छताखाली राहण्यास तसेच त्यांचे लेखन वाचण्यास मनाई करण्यात आली. त्यावेळी ते अवघे २३ वर्षांचे होते.

स्पिनोझा यांनी माघार घेतली नाही आणि अन्य धर्माची दीक्षाही घेतली नाही. बारुख या हिब्रू नावाऐवजी त्यांनी बेनेडिक्टस हे लॅटिन नाव स्वीकारले. दोन्ही नावांचा अर्थ ‘धन्य’ असाच आहे. भिंगे घासून ते चरितार्थ चालवीत. ईश्वर आणि निसर्ग एकच असून त्याचे ज्ञान हेच त्याच्यावरील प्रेम होय, अशी श्रद्धा त्यांनी विचारांती घडविली. विचारस्वातंत्र्यावर बंधन येईल म्हणून १६७३ मध्ये त्यांनी हायडलबर्ग विद्यापीठातील प्राध्यापकपदही नाकारले.

२१ फेब्रुवारी १६७७ रोजी हेग येथे वयाच्या ४४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘एथिक्स’ हा त्यांचा प्रमुख ग्रंथ त्याच वर्षी मरणोत्तर प्रकाशित झाला. बहिष्काराचा तो आदेश मात्र अद्यापही मागे घेण्यात आलेला नाही.