संत गाडगेबाबा : आधी खराटा, मग कीर्तन

गाडगेबाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. सुधारणेची सुरुवात त्यांनी घरातूनच केली. मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून साधं गोड जेवण घातलं. १९०५ मध्ये घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मडक्याचा तुकडा, म्हणजे गाडगं. गावात शिरले की आधी रस्ते, गटारं साफ करायला लागायचे. ते बघून गावकरीही हात लावायचे. गाव लख्ख झाल्यावरच रात्री कीर्तन, तेही लोकांना प्रश्न विचारत विचारत. आपण शाळेत जयंतीला भाषणं घेतो, खराटा मात्र कोपऱ्यातच राहतो! २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीकाठी, प्रवासातच त्यांनी देह ठेवला.