फ्रिट्झ हाबर: खत देणारे आणि विषारी वायू सोडणारे रसायनशास्त्रज्ञ

पालघर जिल्ह्यात मासवणला सूर्या नदीचं पाणी पंपाने उचलतात, धुकटणच्या केंद्रात ते शुद्ध होतं आणि पुढे वसई-विरारला जातं. पाण्यातले जंतू मारायला क्लोरीन वापरतात. भारतीय मानकानुसार नळाच्या एक लिटर पाण्यात किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. पण हाच वायू हवेच्या दहा लाख भागांत 10 भाग झाला, तर जिवावर बेतू शकतं. युद्धात त्याचा पहिला मोठा वापर घडवला तो फ्रिट्झ हाबर यांनी.

हवेतून खत

हाबर यांचा जन्म 9 डिसेंबर 1868 रोजी ब्रेस्लाऊ इथे, ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आता पोलंडमध्ये आहे. 1909 मध्ये त्यांनी हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन प्रचंड दाबाखाली एकत्र आणून अमोनिया बनवून दाखवला. कार्ल बॉश यांनी ती पद्धत कारखान्यात नेली. आज आपल्या भातशेतीत पडणारा युरिया याच अमोनियापासून तयार होतो. या शोधासाठी हाबर यांना 1918 चं नोबेल मिळालं.

ईप्रची आघाडी

त्याआधीच पहिलं महायुद्ध पेटलं होतं. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने सिलिंडरमधून दीडशे टनांहून जास्त क्लोरीन सोडला. सगळी तयारी हाबर यांच्या देखरेखीखाली झाली होती. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, त्यामुळे तो थेट खंदकांत उतरला.

तो मारतो कसा? पाण्याशी संयोग झाला की क्लोरीनपासून हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोरस ही आम्लं बनतात. टाकीत हेच हायपोक्लोरस आम्ल जंतू मारतं. फुफ्फुसातल्या ओलाव्यातही तीच क्रिया होते. आतलं अस्तर जळतं, फुफ्फुसात पाणी भरतं आणि माणूस गुदमरतो.

2 मे 1915 रोजी हाबर यांच्या पत्नी क्लारा यांनी पतीच्याच पिस्तुलाने आत्महत्या केली. त्या स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट होत्या. हाबर लगेच पूर्वेकडच्या आघाडीवर निघून गेले.

हाबर यांचा नियम

वायूची तीव्रता आणि श्वासात जाण्याचा वेळ यांच्या गुणाकारावर इजा ठरते, हा त्यांचा नियम. तो सगळ्या वायूंना तंतोतंत लागू होत नाही. क्लोरीनमध्ये तीव्रता जास्त घातक ठरते. पण थोडा वायू बराच वेळ घेतला तरी इजा होते, हे त्यातून कळतं.

1933 मध्ये नाझी राजवटीमुळे हाबर यांना जर्मनी सोडावी लागली. 29 जानेवारी 1934 रोजी बाझेलमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या संस्थेत सुरू झालेल्या सायनाइडच्या कीटकनाशकाचं पुढचं रूप, झायक्लॉन बी, नाझींनी छळछावण्यांत ज्यूंना मारायला वापरलं. त्यात हाबर यांचे नातेवाईकही होते.

आपल्यासाठी काय?

बोईसर-तारापूरसारख्या रसायन कारखान्यांच्या भागात राहत असाल, तर एवढं लक्षात ठेवा: क्लोरीनची गळती झाली तर वाऱ्याच्या दिशेला आडवं चालत बाहेर पडा, उंचावर जा, खड्ड्यात किंवा तळघरात थांबू नका. तोंडावरचा रुमाल हा वायू अडवत नाही. आणि घरी ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीच मिसळू नका. त्यातूनही क्लोरीनच निघतो.