अनाथांचे डॉक्टर : यानुश कोर्चाक

ज्ञातिसंस्था म्हटली की वर्गणी, वसतिगृह, गरजू विद्यार्थ्यांस साहाय्य या गोष्टी ओघानेच येतात. परंतु देणाऱ्याचा हात वर राहतो व घेणाऱ्याचा खाली, आणि हा भेद मोठ्या माणसांपेक्षा लहान मुलांच्या मनाला अधिक लवकर टोचतो. मदत तर व्हावी, पण घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हे कसे साधावे? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या साऱ्या आयुष्याने दिले, त्या पोलंडमधील एका थोर डॉक्टरांचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

त्यांचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मित. वॉर्सा येथील एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. जन्मदिवस २२ जुलै हा निश्चित असला, तरी वर्ष कोणी १८७८ देतात, तर कोणी १८७९. त्या वेळी वॉर्सावर रशियाच्या झारची सत्ता होती. वडील नामांकित वकील होते. घरात पाळलेला कॅनरी पक्षी मेला तेव्हा बाल हेन्रिकला त्याच्या थडग्यावर क्रूस लावावासा वाटला. पण पक्षी ज्यू असल्यामुळे त्यास क्रूस चालणार नाही, असे रखवालदाराच्या मुलाने त्याला बजावले. माणसांप्रमाणे पाखरांनाही जात असते, हा धडा त्याला वयाच्या पाचव्या वर्षी मिळाला, आणि तो त्यांच्या मनातून कधीच गेला नाही.

पुढे वडिलांना मानसिक व्याधी जडली, घरची संपत्ती उपचारांत आटली आणि १८९६ साली ते निवर्तले. शाळकरी हेन्रिकवर शिकवण्या करून आई व बहीण यांचा भार उचलण्याची पाळी आली. १८९८ साली एका साहित्यस्पर्धेसाठी त्यांनी एका कादंबरीतील नायकावरून यानुश कोर्चाक हे टोपणनाव घेतले व त्याच नावाने ते जगास परिचित झाले. १९०५ साली ते वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले आणि रशिया-जपान युद्धातील लष्करी चाकरीचा काळ वगळता पुढील सात वर्षे वॉर्सामधील ज्यू बालरुग्णालयात त्यांनी काम केले.

या काळात लक्ष्मी व सरस्वती या दोघीही त्यांच्या दारी आल्या. १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कादंबरीने मोठी कीर्ती मिळविली. या लेखक-डॉक्टरांना आपल्या मुलांसाठी बोलवावे, अशी धनिकांच्या घरी चढाओढ लागली. श्रीमंतांकडून ते भरपूर फी घेत व गरिबांकडून नाममात्र. बर्लिन, पॅरिस व लंडन येथील बालरुग्णालये व संस्था त्यांनी पाहिल्या. असाच क्रम चालू राहता, तर वॉर्सातील सर्वांत संपन्न डॉक्टरांत त्यांची गणना झाली असती.

परंतु एक गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. रुग्णालयात बरे झालेले मूल पुन्हा त्याच ओल्या तळघरात आणि त्याच उपासमारीत परत जात असे. औषधाने ताप उतरत होता, दैन्य उतरत नव्हते. तेव्हा ‘अनाथांस साहाय्य’ या नावाच्या ज्यू मंडळाने वर्गणीतून नवे अनाथगृह बांधावयास घेतले आणि त्याच्या संचालनाचे काम कोर्चाक यांनी पत्करले. १९१२ साली क्रोखमाल्ना रस्त्यावर हे ‘अनाथांचे घर’ उघडले. रुग्णालय सुटले, आणि त्याबरोबर सुखाचा व्यवसायही सुटला. विवाह न करण्याचा निश्चय त्यांनी आधीच केला होता. आजारी मुलांना आपण सोडून आलो, ही खंत मात्र त्यांना अखेरपर्यंत राहिली. त्यागाचा गर्व त्यांच्या ठायी नव्हता, हेच यावरून दिसते.

या घराची व्यवस्था विलक्षण होती. शंभरावर मुले, वरच्या माळ्यावरच्या खोलीत डॉक्टर आणि साऱ्या संसाराचा गाडा हाकणाऱ्या स्तेफानिया विल्चिन्स्का या विदुषी. झाडणे, पुसणे, वाढणे ही कामे मुले पाळीपाळीने करीत, आणि केरसुणी अडगळीत न टाकता मानाच्या जागी ठेवलेली असे. नव्या मुलाला पहिले काही महिने सांभाळण्यास एक मोठे मूल नेमले जाई. मुलांचे स्वतःचे प्रतिनिधिमंडळ होते, वर्तमानपत्र होते आणि न्यायालयही होते. न्यायाधीश मुलेच असत. न्यायसंहितेतील पहिली नव्याण्णव कलमे केवळ सोडून देण्याची व क्षमेची होती. कठोर कलमे त्यापुढे सुरू होत आणि घराबाहेर काढण्याचे अखेरचे कलम हजारावे होते. एखाद्या मुलावर डॉक्टरांकडून अन्याय झाला, तर तेही याच न्यायालयापुढे उभे राहत. मूल हे उद्या होणारा माणूस नव्हे, ते आजच माणूस आहे, हा त्यांच्या शिक्षणाचा गाभा होता.

पहिल्या महायुद्धात त्यांना पुन्हा लष्करी डॉक्टर म्हणून जावे लागले. मुलांवर प्रेम कसे करावे याविषयीचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ त्या धामधुमीतच लिहिला गेला. १९१९ साली मारिना फाल्स्का यांच्या सहकार्याने पोलिश कामकऱ्यांच्या मुलांसाठी ‘आमचे घर’ ही दुसरी संस्था निघाली. स्वजातीच्या मुलांसाठी झटणारा हा पुरुष इतरांच्या मुलांनाही परके मानीत नव्हता. बालराजा मॅटची त्यांची कथा घरोघरी वाचली गेली. १९२६ पासून मुलांनीच लिहिलेले वृत्तपत्र त्यांनी चालविले. आकाशवाणीवर ते ‘म्हातारे डॉक्टर’ या नावाने बोलत, कारण ज्यू नाव उघड करणे तेव्हा सोयीचे राहिले नव्हते. वाढत्या ज्यूद्वेषापायी पुढे ते कार्यक्रमही बंद पडले.

१९३९ साली जर्मनीने पोलंड गिळंकृत केले. १९४० च्या अखेरीस अनाथगृहाला भिंतीआडच्या ज्यू वस्तीत हलविण्यात आले. स्थलांतरात मुलांच्या बटाट्यांची गाडी जप्त झाली, तेव्हा तिची दाद मागण्यास डॉक्टर सक्तीची फीत दंडावर न बांधताच अधिकाऱ्यांकडे गेले व कारागृहात पडले. सुटून आल्यावर, वय साठीच्या पलीकडे आणि प्रकृती खालावलेली असता, ते झोळी घेऊन दारोदार फिरत व मुलांसाठी धान्य मिळवीत. मित्रांनी खोटी कागदपत्रे करून त्यांना बाहेर काढण्याची तयारी केली होती; त्यांनी ती नाकारली.

१८ जुलै १९४२ रोजी अनाथगृहातील मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ हे नाटक केले. रवींद्रनाथांना जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. खोलीत कोंडलेला आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहतो व शांतपणे निद्रेच्या अधीन होतो, ही ती कथा. भारतातील एका कवीची वाणी त्या भिंतींच्या आत, मरणाच्या छायेतील बालकांच्या मुखी आली. चारच दिवसांनी वस्तीतील लोकांची रवानगी सुरू झाली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अनाथगृहाची पाळी आली. सुमारे दोनशे मुलांसह कोर्चाक, स्तेफानियाबाई व इतर सेवक रस्त्यातून चालत स्थानकावर गेले. ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीतून त्यांपैकी कोणीही परतले नाही. तेथील स्मारकात गावांच्या नावांचे असंख्य पाषाण आहेत. व्यक्तीचे नाव कोरलेला पाषाण एकच, तो कोर्चाक व त्यांच्या मुलांचा.

मुलांना हक्क असतात हा त्यांचा विचार मात्र मेला नाही. पोलंडनेच १९७८ साली मांडलेल्या प्रस्तावातून १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार झाला.

कोर्चाक यांच्या अंतकाळाचे धैर्य सर्वांस साधेल असे नाही, आणि तसा प्रसंग कोणावर न येवो. परंतु त्यांचे अनाथगृहही आपल्यासारख्याच ज्ञातिबांधवांच्या वर्गणीवर उभे होते, हे विसरता कामा नये. वसतिगृहात येणाऱ्या मुलाला आपण आश्रित मानतो की घरचे, त्याच्या तक्रारीस कान देतो की नाही, आणि शेजारच्या ज्ञातीच्या मुलासाठी आपले दार किती उघडे आहे, एवढे तरी आपण प्रत्येकाने स्वतःस विचारून पाहावे. त्या थोर डॉक्टरांस तीच खरी श्रद्धांजली होईल.