आगमनकाळाचे मराठी सूर

नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा काळ ख्रिस्ती परंपरेत आगमनकाळ म्हणून ओळखला जातो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यातील मराठी उपासनामंदिरांत या दिवसांत पेटी, तबला आणि टाळ यांच्या साथीने भजने रंगतात. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढे कारखान्यांमागून कारखाने येत गेले. त्यांच्याबरोबर नगर जिल्ह्यातून आणि मराठवाड्यातून जी कुटुंबे येथे स्थिरावली, त्यांतील ख्रिस्ती कुटुंबांनी आपली गाणीही सोबत आणली. त्यांतील कित्येक गाण्यांचे जनक होते रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्मही आगमनकाळातलाच. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात ते जन्मले. आईचे छत्र लहानपणीच हरपले. घर सोडून ते नाशिकला आले, संस्कृत शिकले आणि कविता करू लागले. मात्र वृत्तीने अस्वस्थ असलेला हा माणूस एका गावी, एका नोकरीत फार काळ रमला नाही. १८९३ मध्ये रेल्वेप्रवासात एका सहप्रवाशाने दिलेले बायबल त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण देऊन गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत मोठी होती. आप्तस्वकीय दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलासह माहेरच्या माणसांकडे राहिल्या आणि काही वर्षे हा संसार दुभंगलेलाच राहिला. पुढे लक्ष्मीबाई नगरला पतीकडे आल्या आणि कालांतराने स्वतःच्या विचाराने त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी ही सारी ओढाताण विलक्षण मोकळेपणाने सांगितली आहे.

धर्म बदलला, तरी टिळकांचा कान मात्र मराठीच राहिला. त्या काळी चर्चमध्ये इंग्रजी गीतांची भाषांतरे पाश्चात्त्य चालींवर म्हटली जात. ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण होई. शब्द मराठी असले तरी गाणे परकेच वाटे. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालींची वाट आधीच उघडली होती. टिळकांनी ती प्रशस्त केली. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या ओवी-अभंगांवर वाढलेल्या या कवीने ख्रिस्तभक्ती त्याच घाटात ओतली. अभंग, पदे, भजने त्यांनी विपुल लिहिली आणि ख्रिस्तचरित्रावर कीर्तनेही केली. तुकोबांच्या भक्तीमुळेच आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोचता आले, अशी त्यांची भावना होती. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत.

नगर येथील अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अध्यापन केले आणि १९१२ पासून 'ज्ञानोदय'चा मराठी विभाग सांभाळला. पण मिशनच्या चौकटीतला, परदेशी पैशावर अवलंबून असलेला धर्म त्यांना सलत राहिला. ख्रिस्ती होणे म्हणजे देशाला पारखे होणे, हे त्यांना कधीच मान्य नव्हते. १९१७ मध्ये पगाराची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात स्थान होते. हा प्रयोग रुजण्याआधीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अपुरेच राहिले. अकरा अध्यायांनंतर थांबलेली त्यांची लेखणी लक्ष्मीबाईंनी उचलली. एकेकाळी ज्या श्रद्धेपायी संसार मोडू पाहत होता, तिचेच काव्य पत्नीने पुढे नेले.

आज पाळी संपवून सायंकाळच्या सरावाला येणारा चिंचवडचा कामगार टाळ हाती घेतो, तेव्हा त्याला देव आणि भाषा यांतून एकाची निवड करावी लागत नाही. ती निवड नाकारण्याचे धैर्य टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवले होते.