मंडालेच्या कोठडीतील कर्मयोगी

सज्जनहो, शेगावी दर्शनास जाताना लोकमान्य टिळकांचेही स्मरण व्हावे, असा एक धागा आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे.

टिळकांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीस झाला. १८७२ साली वडील अखेरच्या दुखण्यात असता सोळा वर्षांच्या बाळने त्यांना गीतेची प्राकृत टीका वाचून दाखविली. तेव्हाच मनात शंका आली: अर्जुनाला युद्धास उभे करणारी गीता कर्म सोडा असे कसे सांगेल? ती शंका उरात घेऊनच हा पुरुष स्वराज्याच्या कार्यात पडला.

१९०८ साली अकोल्यास शिवजयंतीचा उत्सव झाला. टिळक वक्ते, आणि शेगावचे श्रीगजानन महाराज व्यासपीठावर! पुढे थोड्याच दिवसांत, २४ जूनला, 'केसरी'तील लेखांवरून टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली. महाराजांनी त्यांच्यासाठी भाकरीचा प्रसाद धाडला, असे दासगणू महाराजांनी 'गजानन विजय' ग्रंथात वर्णिले आहे. तरीही २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झालीच. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, पण लोकमान्यांची रवानगी ब्रह्मदेशात मंडालेस झाली.

आता दैवाचा खेळ पाहा बरं का! मंडाले ही थिबा राजाची राजधानी. १८८५ साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले आणि त्याला आणून ठेवले कुठे, तर रत्नागिरीस! तिथला राजा इथे बंदी, इथला पुत्र तिथे बंदी. साखळी मात्र एकाच परक्या सत्तेची.

मंडालेस शरीर मधुमेहाने खंगले. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई पुण्यास वारल्या. अखेरची भेटही नाही. पण त्याआधीच, १९१०-११ च्या हिवाळ्यात, त्यांनी शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढले होते. पोरवयातल्या शंकेचे उत्तर कोठडीत मिळाले. १९१४ साली सुटका झाली, १९१५ साली ग्रंथ छापून निघाला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस त्यांनी देह ठेवला.

कीर्तनानंतर कोणी कोणी विचारतात, बुवा, संतांचा प्रसाद पोचला तर तुरुंग का टळला नाही? बाबांनो, संकट टळणे एवढीच कृपा असते काय? मुंबईतच सुटका होती, तर ते सवड नसलेले हात ग्रंथ लिहायला केव्हा बसते? संकटातही हातचे कर्म न सुटणे, हीसुद्धा कृपाच. शेगावी माथा टेकताना एवढेच मागून घ्या.

रामकृष्णहरि.