चेस्टर ब्लिस : विषाची मात्रा मोजण्याची पद्धत देणारा कीटकशास्त्रज्ञ

कीटकनाशकाच्या बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण आपण रोज पाहतो. हा रंग मुख्यतः 'एलडी ५०' या आकड्यावरून ठरतो. चाचणीतील निम्मे प्राणी मरण्यासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे जितके मिलिग्रॅम विष लागते, तो हा आकडा. तोंडावाटे १ ते ५० असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५,००० निळा आणि त्याहून जास्त असेल तर हिरवा. म्हणजे आकडा जितका लहान, तितके विष जहाल. ही कल्पना ब्रिटनच्या ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये मांडली. पण असा आकडा प्रयोगातून खात्रीने काढायचा कसा, याचे गणित रूढ केले ते चेस्टर इटनर ब्लिस यांनी.

नोकरी गेली, काम थांबले नाही

ब्लिस यांचा जन्म १८९९ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. ते शिकले कीटकशास्त्र आणि अमेरिकेच्या कृषी खात्यात कीटकशास्त्रज्ञ म्हणून काम करू लागले. १९३३ मध्ये महामंदीत त्यांची नोकरी गेली. तेव्हा ते लंडनला गेले आणि संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्याबरोबर काम करू लागले.

त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. एकाच जातीच्या सगळ्या किडी सारख्या मात्रेने मरत नाहीत. काही लवकर मरतात, काही तग धरतात. त्यामुळे मात्रा दुप्पट केली तरी मर दुप्पट होत नाही. मात्रा आणि मर यांचा आलेख काढला तर तो वाकडा येतो आणि त्यावरून नेमके अनुमान काढणे अवघड जाते. ब्लिस यांनी मात्रेचा लॉगॅरिदम घेतला आणि मरीच्या टक्केवारीचे 'प्रोबिट' नावाच्या एककात रूपांतर केले. मग तोच आलेख सरळ रेषेत आला. रूढ झालेल्या प्रोबिट मापात ५ म्हणजे ५० टक्के मर. रेषा ५ ला जिथे छेदते, ती निम्म्या किडी मारणारी मात्रा.

ही पद्धत त्यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९३५ च्या सविस्तर निबंधात पूर्ण केली. एखाद्या मात्रेला सगळ्याच किडी मेल्या तर ती नोंद कशी वापरायची, हे त्याच निबंधाच्या पुरवणीत फिशर यांनी दाखवले.

१९३६-३७ मध्ये ब्लिस यांनी लेनिनग्राड येथील पीक संरक्षण संस्थेत काम केले. १९३८ पासून ते कनेक्टिकट कृषी प्रयोग केंद्रात होते.

मिश्रणाचा हिशेब

शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यांचा १९३९ चा निबंध फार महत्त्वाचा आहे. दोन विषे एकत्र दिली तर काय होते, हा त्याचा विषय. ब्लिस यांनी तीन प्रकार वेगळे केले: दोन्ही विषे आपापल्या मार्गाने काम करतात, दोन्ही एकाच मार्गाने काम करतात, किंवा एकत्र आल्यावर परिणाम अंदाजापेक्षा वेगळाच निघतो.

उदाहरण घेऊ. एक औषध एकटे ६० टक्के किडी मारते, दुसरे ५० टक्के. दोन्ही स्वतंत्रपणे काम करत असतील तर बेरीज ११० होत नाही. पहिल्यातून वाचलेल्या ४० टक्क्यांपैकी निम्म्या दुसऱ्याने मरतात, म्हणजे एकूण मर ८० टक्के. प्रत्यक्षात ९५ टक्के मेल्या तर मिश्रणाने जोर वाढवला. ६५ टक्केच मेल्या तर एकाने दुसऱ्याला मारक काम केले. हाच हिशेब आज कर्करोगाच्या औषधांच्या जोड्या तपासतानाही वापरला जातो.

मागे राहिलेले काम

१९४७ मध्ये स्थापन झालेल्या बायोमेट्रिक सोसायटीचे ते सुरुवातीचे सचिव होते. त्याच वर्षी डेव्हिड फिनी यांचे प्रोबिट विश्लेषणावरील पुस्तक आले आणि ही पद्धत जगभरातील प्रयोगशाळांत पोचली. ब्लिस यांचे १९७९ मध्ये निधन झाले. आपल्याकडे कृषी विद्यापीठांत बोंडअळीची कीटकनाशकाला प्रतिकारक्षमता किती वाढली हे तपासताना आजही हीच पद्धत उपयोगी पडते.

आपण काय लक्षात ठेवावे?

- त्रिकोणाचा रंग माणसाला व जनावराला असलेला धोका सांगतो, किडीवरचा गुण नाही. लाल त्रिकोण म्हणजे हमखास जास्त परिणामकारक औषध, असे समजू नका.
- मात्रा दुप्पट केल्याने मर दुप्पट होत नाही. खर्च आणि धोका मात्र वाढतो.
- बाटलीवरचा त्रिकोण त्या एका औषधाचा असतो. पंपात दोन-तीन औषधे आपल्या मनाने मिसळली तर तयार होणाऱ्या द्रावणाला कोणताच त्रिकोण नसतो. त्याचा जोर किडीवर वाढू शकतो, तसा फवारणाऱ्यावरही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरू नये. लेबलवर किंवा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत नसलेले मिश्रण करू नका.